टँकवरचा कोरडा माणूस

आमचे हे स्विमिंग टँकवर तिकिटं फाडतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा हेच काम करत होते आणि आता मुलगी लग्न होऊन सासरी गेली तरी हेच करतात. त्यात कमीपणा काही नाही. खिडकीला बसायचं, पास बघायचे, लॉकरच्या चाव्या द्यायच्या, काठावरून पळणाऱ्या पोरांवर शिट्टी फुंकायची. रस्त्यात कुणीही थांबून विचारतं, "काका, पाणी कधी बदललं?" आणि हे अशा थाटात उत्तर देतात की जणू काही रात्रभर बादल्या भरभरून यांनीच ओतलंय.

आणि या माणसाला पोहता येत नव्हतं.

मला ते माहीत होतं. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसते. मला जर कुणी म्हणालं असतं की तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही, तर लाजेनं मेले असते मी. यांना लाज नव्हती, कारण यांच्याकडे सबबी होत्या. सबब हाताशी असली की लाजेला घरात जागाच उरत नाही.

आधी कान होता. लहानपणी कान फुटला होता म्हणे, पाणी गेलं तर बहिरेपण येईल. मी ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, ठणठणीत आहेत, खुशाल पोहा. घरी येईपर्यंत कानाची जागा पाठीनं घेतली होती. मग मुलगी झाली, तर मुलगी लहान आहे. मुलगी मोठी झाली आणि कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून तिथेच फुकट शिकली. माशासारखी पोहायची. हे काठावर इस्त्रीचा शर्ट घालून उभे आणि तिला सांगताहेत, "हात लांब टाक! पाय सरळ!" कोरडे पाषाण म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तीच मुलगी पुढे म्हणाली, "बाबा, मी शिकवते तुम्हाला, रविवारी कुणी नसतं." तर आता गुडघा. गुडघा झाल्यावर "या वयात चार लोक हसतील." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यांचं तर अंगणच पाण्याचं, ते वाकडं असतं तर ओघळून गेलं असतं.

मी बोलायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी, तेही क्लोरीनचं.

मग लंबू बुडाला.

लंबू म्हणजे टँकवरचा सफाईवाला, यांचा जिवाभावाचा मित्र. लॉकरच्या माथ्यावरची धूळ स्टूल न घेता पुसतो, इतका उंच. दोघं डबा एकत्र खायचे, एकमेकांच्या बायकांच्या तक्रारी करायचे. त्यालाही पोहता येत नव्हतं, पण त्यानं कधी येतं असं दाखवलंही नाही.

दुपारी टँक बंद असतो. तेव्हा लंबू लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची पानं काढतो. जीवरक्षक जेवायला गेला होता. हे खिडकीत बसून सकाळच्या तिकिटांची अर्धुकं जुळवत होते. धप्प आवाज आला. यांना वाटलं, लंबूनं बादली ओतली. मग दुसरा आवाज आला, तो बादलीचा नव्हता.

हे धावत गेले. लंबू खोल बाजूला, काठापासून चांगला दूर गेलेला. घसरताना जाळीही त्याच्याबरोबर गेली होती. खोल बाजू लंबूपेक्षाही खोल आहे. त्याचं डोकं वर येत होतं, तोंड उघडत होतं, पुन्हा खाली जात होतं. भिंतीवर रिंग अडकवायला खिळा आहे. खिळ्यावर रिंग नव्हती. रिंगा स्टोअरमध्ये कुलपात, कारण त्या चोरीला जातात, आणि कुलपाची चावी साहेबांच्या खिशात, आणि साहेब मीटिंगला. माणूस वाचवायची वस्तू कुलपात ठेवणाऱ्या डोक्याला काय म्हणावं, मला आजही शब्द सापडत नाही.

हे काठावर उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना आजही सांगता येत नाही. ओरडले, नुसतेच ओरडले. शर्टाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं, असं त्यांनीच मला सांगितलं. पुन्हा का लावलं, विचारलं तर म्हणाले, "माहीत नाही."

तेवढ्यात फाटकातून एक कुरियरवाला आत आला. मोटरचा कुठलातरी सुटा भाग घेऊन आलेला, तिशीतला माणूस. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. पाठीवरची बॅग आणि फोन यांच्या हातात कोंबला, "धरा" म्हणाला आणि बुटांसकट उडी मारली.

आणि हे उभे. हातात परक्या माणसाची बॅग, परक्या माणसाचा फोन. पाण्यात यांचा मित्र आणि त्याला ओढणारा तो परका माणूस. त्याचा टँकशी संबंध काय? पार्सल द्यायला आला होता बिचारा! त्यानं लंबूच्या कॉलरला धरून त्याला काठाला आणलं, यांनी दोन्ही हातांनी वर खेचलं, कुशीवर वळवलं. पाणी बाहेर पडलं. श्वास आला, पण कसातरीच, फाटक्या पिशवीतून वारा जावा तसा. रुग्णवाहिका आली, लंबूला घेऊन गेली. कुरियरवाला थंडीनं कुडकुडत होता. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, पुन्हा घातले आणि म्हणाला, "पार्सलवर सही लागेल." यांनी सही केली.

संध्याकाळी घरी आले ते भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. म्हटलं, आता काही बोलायचं नाही, माणूस आधीच मोडलाय.

पण दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाची रांग लागली, आणि माझं डोकं तापायला लागलं. साहेब म्हणाले, "तुमची काही चूक नाही. तुमचं काम तिकिटाचं." जीवरक्षक म्हणाला, "काका, तुम्ही ओरडलात म्हणून तो कुरियरवाला धावत आला." ते तर खोटंच होतं, तो पार्सल घेऊन येतच होता. माझे दीर आले, चहा पिऊन म्हणाले, "दादा, बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाही घेऊन जातो. तू उतरला नाहीस हेच बरं केलंस." शेजारीण म्हणाली, नशिबात होतं. प्रत्येकानं येताना एकेक सबब आणली, आजाऱ्याला फळं आणावीत तशी. आणि हे एकेक घेऊन ठेवून देत होते. चार दिवसांत रंग परतला चेहऱ्यावर. जेवताना मलाच म्हणाले, "तसं बघितलं तर माझं काम तिकिटाचंच आहे."

मी ताटावरून उठले. म्हटलं, "दयेची गोष्ट वाईट असते. फुकट मिळते, म्हणून माणूस पोट फुटेपर्यंत खातो."

"म्हणजे मी मरायला हवं होतं का त्याच्याबरोबर?"

"मी तसं म्हटलं का? उद्या दवाखान्यात चला. लंबूच्या बायकोला सांगा हे तिकिटाचं."

लंबूच्या छातीत पाणी जाऊन न्यूमोनिया झाला होता. नळ्या लावलेल्या, बोलायची मनाई. त्याची बायको खोके भरायच्या कारखान्यात काम करते, तिथली पाळी संपवून थेट आली होती, हाताला अजून चिकटपट्टीचे तुकडे होते. आम्हाला पाहून उठून उभी राहिली. यांना स्टूल दिलं. मग सहज, अगदी सहज, जसं कुणी बस कधी येते विचारावं तसं म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथेच होतात ना?"

"हो, वहिनी."

"मग?"

"वहिनी, मला पोहता येत नाही."

ती यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तिला खरंच कळत नव्हतं. "तुम्हाला?" ती म्हणाली. "तिथे असून?"

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. कान, पाठ, मुलगी, गुडघा, वय, तिकीट, नशीब, सगळं त्या तोंडात तयार होतं. ओठ हलले. आणि काहीही बाहेर आलं नाही.

जिन्यातून उतरताना मधेच थांबले. कठडा धरून म्हणाले, "अगं, एक सांगायचंय."

"सांगा."

"नोकरीला लागताना तेव्हाच्या साहेबांनी विचारलं होतं, पोहता येतं का. मी हो म्हटलं."

"बरं, मग?"

"मग शिकायला उतरलो असतो, तर येत नाही हे दिसलं असतं ना."

मी तिथेच पायरीवर बसले. लोक बाजूनं वरखाली करत होते. "म्हणजे तो कान?"

"ठीकच होता."

"पाठ?"

"ठीक होती."

"आणि गुडघा?"

"दुखतो. पण जिना चढताना."

काय म्हणावं या माणसाला! एक शब्द, तोही तरुणपणी पोटासाठी फेकलेला, कुणी मनावर घेतला नसता. त्या एका शब्दावर पांघरूण घालायला आयुष्यभर पांघरुणं शिवत बसले, आणि मला वाटत होतं घरात शिवणकाम मी करते! मला खोटं बोलल्याचा राग नव्हता. मला राग होता तो त्या सगळ्या रविवारांचा. रिकामा टँक, शिकवायला तयार असलेली स्वतःची लेक, आणि हे काठावर, शर्टाची इस्त्री सांभाळत. मी तिथे पायरीवर बसून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे ऐकत राहिले. एकदाही "पण" म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी हललंय.

दुसऱ्या दिवशी हे कोचबाईंकडे गेले. कोचबाई सकाळी लहान मुलांची बॅच घेतात. ओरडून ओरडून आवाज घोगरा झालेला, दयामाया नावाला नाही. यांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, नोकरीच्या वेळच्या खोट्यासकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी या. निमित्त आणू नका, टॉवेल आणा."

पहिल्या दिवशी पोरांनी जो गोंधळ घातला! "तिकीटवाले काका आले, तिकीटवाले काका!" ज्यांना रोज शिट्टी मारून गप्प करायचे ती पोरं यांच्या पोटाकडे बघून खिदळत होती. चार लोक हसतील म्हणून घाबरत होते, इथे अख्खी बॅच हसली. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"हसली पोरं."

"मग?"

"थोडा वेळ हसली. मग त्यांची त्यांची पोहायला लागली." हे स्वतःच चकित झाले होते. ज्या हसण्याला आयुष्यभर घाबरले, ते एवढंसंच निघालं.

पोहणं मात्र एवढंसं नव्हतं. उथळ बाजूला, कमरेइतक्या पाण्यात, या माणसाचं तोंड पाण्याखाली जाईना. मान खाली घातली की लंबूचं उघडं तोंड दिसायचं, म्हणाले. बाईंनी सांगितलं, घरी बादलीत सराव करा. झालं, आमच्या मोरीत रोज बुडबुडे. मी भाकऱ्या थापतेय आणि आतून बुड बुड बुड, मग जोरात खोकला, मग माझ्या नावानं हाक. मी म्हणायचे, "बादलीत बुडणारा माणूस वाचवायला मला वेळ नाही." पण मी ऐकत असायचे. बुडबुडे लांबत चालले होते.

आणि मग, गंमत बघा, कान खरंच दुखायला लागला. इतकी वर्षं नाव घेतलं, शेवटी आला. सुजला, ताप आला. डॉक्टरांनी थेंब दिले, म्हणाले बरं वाटेपर्यंत पाण्यात जाऊ नका. हे इतक्या समाधानानं पडून राहिले की माझ्या जिवाचा संताप झाला. कान बरा झाला. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, जा आता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे पांघरुणातच.

"जायचं नाही?"

"जाईन गं. थोडे दिवस जाऊ दे. कानात अजून..."

आणि थांबले. मी काही बोलले नव्हते, चहाचं भांडं हातात धरून उभी होते. हे उठून बसले. स्वतःच्या कानाला हात लावून बघितला, जसा दुसऱ्याच कुणाचा कान असावा.

"दुखत नाहीये," म्हणाले. "मी उगाच बोलतोय. तोंडाला सवय झालीय, आपोआप येतं."

मग टॉवेल घेतला आणि गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं की सबब यांनी स्वतः पकडली, मला पकडावी लागली नाही. पुढे तो खेळच झाला त्यांचा. ढग आहेत म्हणायचे, आणि लगेच, "ढगांचं काय, भिजायलाच चाललोय." कधी पकडायचे, कधी नाही. ज्या दिवशी नाही पकडली त्या दिवशी घरी बसायचे आणि दिवसभर माझ्याकडे बघायचं टाळायचे.

उन्हाळा सरता सरता त्यांनी उथळ बाजूची रुंदी पार केली. पोहणं कसलं, पाण्याशी मारामारीच, पण पाय टेकला नाही. मग हळूहळू खोल बाजू. ती पार करायची त्या दिवशी मी कारखान्यात उशिरा येईन असं सांगून बघायला गेले होते. मधे एकदा थांबले. मी काठाशी धावले. तर तरंगत होते, दम घेत. मग पलीकडचा काठ धरला आणि तिथेच, ओल्या फरशीवर डोकं टेकून, बराच वेळ राहिले. पोरांना वाटलं दमले. मला माहीत होतं, रडत होते. मला आनंद झाला का? झाला. पण त्याहून जास्त राग आला. एवढंच होतं? एका उन्हाळ्याचं काम होतं हे?

तोच राग बहुतेक यांनाही आला, कारण तसेच ओल्या अंगानं साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभी राहिले.

"साहेब, नोकरीला लागताना मी खोटं सांगितलं होतं, पोहता येतं म्हणून. आता येतं. ते एक झालं. दुसरं, रिंगा भिंतीवर हव्यात, कुलपात नको. आणि दुपारी पाण्याजवळ कुणी एकट्यानं काम करायचं नाही. आणि टँकवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पोहायला शिकवा, पगारी वेळेत."

साहेब चांगला माणूस आहे, वाईट माणूस असता तर भांडणं सोपं. ते म्हणाले, "बसा, बसा. तुमची कळकळ समजते. पण वरून मंजुरी लागते. रिंगा चोरीला गेल्या तर जबाबदारी कुणाची? आणि वेळ कुठे आहे? सीझन संपला की बघू. शिवाय एवढ्या वर्षांत काही झालं नाही."

हे पुढे वाकले. केसांतलं पाणी साहेबांच्या टेबलावर टपटपत होतं.

"झालं ना! लंबू बुडाला!" असा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. "साहेब, ही सगळी वाक्यं माझी आहेत! सीझन संपला की, वेळ कुठे आहे, बघू. मी आयुष्यभर हीच बोललो आणि माझा मित्र माझ्यासमोर पाण्यात गेला. मला ती ऐकू येतात आता. रिंगा भिंतीवर लागेपर्यंत मी खिडकी उघडणार नाही. काढायचं तर काढा कामावरून."

आणि खरंच उघडली नाही. संध्याकाळची बॅच फाटकाशी जमली. काय झालं म्हणून विचारू लागली, आणि कोचबाईंनी त्या घोगऱ्या आवाजात अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं. मग आजोबा-आज्या, कॉलेजची मुलं, पोरांच्या आया, सगळे तिथेच उभे. कुणी परत जाईना. मंजुरी वरून यायची होती, पण चावी साहेबांच्या खिशातच होती. अंधार पडायच्या आत रिंगा भिंतीवर लागल्या. बैल गेला आणि झोपा केला, पण निदान केला तरी. आजवर एकही चोरीला गेली नाही.

दुपारी एकट्यानं काम न करण्याचा नियमही झाला. पोहायला शिकवायचं मात्र अजून "विचाराधीन" आहे. म्हणून हेच शिकवतात, सकाळी खिडकी उघडायच्या आधी. दोघी सफाईवाल्या आहेत, मोटर बघणारा आहे, आणि लंबू आहे. लंबू पाण्यात उतरायला तयारच नव्हता. "मी एकदा जाऊन आलोय," म्हणायचा. यांनी त्याला कसं पटवलं ते मला माहीत नाही, पण आता उथळ बाजूला दांडी धरून उभा असतो आणि यांना अर्वाच्य शिव्या देतो.

लंबू फार वेळ पाण्यात राहू शकत नाही. न्यूमोनियानं एक फुफ्फुस कमजोर करून ठेवलंय. थोडे पाय मारले की खोकला येतो, खोलवरून, आणि थांबता थांबत नाही. मग त्याला काठावर बसवावं लागतं. लोक म्हणतात, तुमच्या मिस्टरांनी काय करून दाखवलं या वयात! मी हो म्हणते. कौतुक खोटं नाही. पण तो खोकला सुरू झाला की आमचे हे बोलायचे थांबतात, लंबूच्या पाठीवर टॉवेल टाकतात आणि बाजूला बसून राहतात. तेव्हा त्यांना कुणी धीर द्यायला गेलं की हातानं लांब करतात. मीही जात नाही.